मुख्याध्यापिकेची खुर्ची नाकारू का?

पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला एका अनुदानित मराठी शाळेत मी गणित-विज्ञान शिकवते. नोकरीला 24 वर्षं झाली. आमचे मुख्याध्यापक मे अखेरीला निवृत्त होताहेत आणि सेवाज्येष्ठता यादीत पुढचं नाव माझं आहे. माझ्या मागचे सर पर्यवेक्षक आहेत. ऑफिस तेच सांभाळतात. शालार्थवरची पगारबिलं, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, सगळं त्यांना तोंडपाठ. संस्थेचे सचिव परवा म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवण्यात रमणाऱ्या. कशाला ही डोकेदुखी घेता? एक पत्र लिहून द्या, पुढचं आम्ही बघतो."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. मला माझा दहावीचा वर्ग हवा. मुख्याध्यापक झालं की शिकवणं संपतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय पट दरवर्षी घसरतोय, एक तुकडी गेलीसुद्धा. आणखी एक. शेजारच्या वर्गातले सर माझे चांगले मित्र आहेत, पण त्यांच्या तासाला उत्तरं फळ्यावर लिहिली जातात आणि मुलं ती उतरवून घेतात. मधली भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं. तीच मुलं नववीत माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना अपूर्णांकांची बेरीज येत नसते. ते माझं काम नव्हे म्हणून मी कधी बोलले नाही. उद्या मुख्याध्यापक झाले तर बोलावं लागेल. त्यापेक्षा नकोच ते.

तुमचं सगळं आयुष्य शिक्षक घडवण्यात गेलंय, म्हणून विचारते. नाही म्हटलं तर तो पळपुटेपणा ठरेल का?

ता. क. डीएसएम (शालेय व्यवस्थापनाची पदविका) करून ठेवावं का?

— एक शिक्षिका, ठाणे

उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार.

आधी एक काम. सचिवांना कुठलंही पत्र लिहून देऊ नका. तुमचा निर्णय काय व्हायचा तो होवो, पण तो कुणाच्या गोड बोलण्यातून व्हायला नको. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची 1981 ची नियमावली स्पष्ट आहे. मुख्याध्यापकपदावर नेमणूक करायची ती ज्येष्ठ, पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्या शिक्षकाची. हक्क सोडता येतो, पण स्वखुशीने, लेखी आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे नोंद होऊन. चहा पिता पिता उरकायची ती गोष्ट नाही. संस्थेला अल्पसंख्याक दर्जा असेल तर चित्र वेगळं. तिथे मुख्याध्यापक निवडायची मोकळीक संस्थेला असते, तेवढं तपासून घ्या. आणि समजा डावललंच, तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला 30 दिवस मिळतात. भांडा असं मी म्हणत नाही. पण नाही म्हणायचं तर ते हातात काय आहे हे कळल्यावर म्हणा.

आता तुमच्या पत्राकडे येते. सुरुवातीला ऑफिस आहे, सचिव आहेत, घसरणारा पट आहे, आणि शेवटाकडे, "आणखी एक" असं म्हणून, शेजारच्या वर्गातले सर आलेत. माझ्या मते पत्र त्या पाच-सहा ओळींचंच आहे, बाकी सगळी प्रस्तावना. दहावीचा वर्ग सुटेल म्हणून पद नको, असं तुम्ही म्हणता. मला दिसतं ते असं, की मित्राच्या वर्गात जाऊन बसावं लागेल म्हणून पद नको.

यात लाजण्यासारखं काही नाही. याच कारणाने ऑफिसात बसून राहणारे कितीतरी मुख्याध्यापक मी पाहिलेत. सांगताना ते कागदांचं कारण सांगतात, आणि कागद खरे असतातच. शालार्थवरची पगारबिलं, यू-डायसची माहिती, संचमान्यता (पटानुसार शिक्षकांच्या पदांना मिळणारी मंजुरी), पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आणि बारा वाजता व्हॉट्सॲपवर येणारा "आज दोनपर्यंत माहिती पाठवा" हा फतवा. पण हे सगळं करूनही दिवसाकाठी एक तास उरतो. त्या तासाला कुणाच्या तरी वर्गात जाऊन मागे बसायचं, की आणखी एक फाइल उघडायची? फाइल उघडणं सोपं असतं. फाइलला वाईट वाटत नाही, ती स्टाफरूममध्ये जाऊन काही बोलत नाही. तुमचे सध्याचे मुख्याध्यापक वर्गावर जात नाहीत, त्याला सगळंच ऑफिस कारणीभूत आहे असं मला वाटत नाही. त्यांनाही एखादी पातळ भिंत असेल.

माझी नोकरी कशी गेली ते थोडं सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलतेय ते कळेल. आधी शाळेत गणित शिकवलं, मग अध्यापक महाविद्यालयात आले, गणिताची मेथड, म्हणजे गणित कसं शिकवायचं ते, शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. या काळातला मोठा भाग मागच्या बाकावर बसून गेला. सराव पाठांसाठी आमचे शिकाऊ शिक्षक कळवा, ठाणे, ऐरोली इथल्या शाळांत जात आणि त्यांच्या मागोमाग आम्ही. सराव पाठाचा थाट तुम्हाला आठवत असेल. हातात गुंडाळलेले तक्ते, कव्हर घातलेली पाठ टाचणाची वही, मुलांना आधीच दिलेला दम, "बाहेरच्या मॅडम येणारेत, शांत बसायचं". आणि वर्गातली मुलं या सगळ्याला इतकी सरावलेली, की "कळलं का?" म्हटलं रे म्हटलं की एका सुरात "होऽऽ".

कळव्याच्या एका शाळेतला सातवीचा पाठ सांगते. विषय ऋण संख्या. शिकवणारी मुलगी हुशार, आवाज खणखणीत, फळ्यावर संख्यारेषा सुबक. "वजा वजा?" असं ती विचारी आणि अख्खा वर्ग गर्जे, "अधिऽऽक!" माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगा होता, वहीला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. तोही सगळ्यांबरोबर ओरडत होता. वहीत त्याने लिहिलं होतं: –3 – 5 = 8. समोर स्वतःच बरोबरची खूण केलेली. का नाही करणार? वजा आणि वजा दोन्ही तिथे होते, आणि वजा वजा अधिक हे तर सगळा वर्ग म्हणत होता.

पाठ संपल्यावर बरोबरच्या विद्यार्थ्यांनी नेहमीचे अभिप्राय दिले. फलक लेखन छान, शैक्षणिक साधन समर्पक, वर्ग नियंत्रण उत्तम. मी ती वही मागून आणली होती, ती टेबलावर ठेवली. मुलगी बघतच राहिली. म्हणाली, "पण मॅडम, मी तर बरोबर शिकवलं." खरंच होतं ते. फळ्यावर एकही चूक नव्हती. मग आमचं बोलणं पाठावर झालंच नाही, त्या एका ओळीवर झालं. गुणाकाराचा नियम पोराने इथे का आणला? तीन रुपयांची उधारी आणि वर आणखी पाच रुपयांची उधारी, तर एकूण किती, एवढं एकट्याला उभं करून विचारलं असतं तर घोळ तासातच उघडा पडला असता की नाही? दुसऱ्या दिवशी तिने सुरुवात उधारीपासून केली, आणि समूहाने उत्तर द्यायचं नाही असं मुलांना बजावलं. वर्ग जरा थंड वाटला. वह्या मात्र बऱ्याच सुधारल्या.

शिक्षणशास्त्रातली उद्दिष्टं, वर्गीकरणं, प्रतिमानं हे सगळं मी शिकवलं, त्याच्या प्रश्नपत्रिका काढल्या, तपासल्या. त्यातलं बरंचसं उपयोगाचंही आहे. पण एखाद्या मुख्याध्यापिकेच्या हाती एकच गोष्ट द्यायची झाली तर मी ही देईन: वर्गात गेलात की शिक्षकाकडे बघू नका, शेजारच्या मुलाच्या वहीकडे बघा. शिक्षकाकडे बघितलं की तुम्ही परीक्षक होता आणि तो नट होतो. वहीकडे बघितलं की दोघांपुढे एकच प्रश्न असतो, या पोराने असं का लिहिलं.

तुमच्या मित्राच्या बाबतीत हेच करा. मात्र सुरुवात त्यांच्या वर्गापासून नको. आधी त्यांना तुमच्या वर्गात बोलवा. म्हणा, "नववीत पाच-सहा मुलं अपूर्णांकांशी अडतात, मला नेमकं कुठे ते दिसत नाही, एक तास मागे बसून त्यांच्या वह्या बघता का?" मुलं त्यांच्याच हाताखालून आलेली आहेत हे त्यांना सांगावं लागणार नाही. काही दिवसांनी तुम्ही त्यांच्याकडे जा. बोलायचं ते त्याच दिवशी, त्यांच्याच वर्गात, मधल्या सुट्टीत. केबिनमध्ये बोलावून नको. टेबलाच्या पलीकडे उभं केलेला माणूस ऐकत नसतो, जबाब देत असतो. आणि पहिलं सत्र तरी लॉगबुकात शेरा लिहायची घाई करू नका. "अध्यापन समाधानकारक, फलक लेखनात सुधारणा हवी" असल्या शेऱ्यांनी आजवर कुणाचं शिकवणं सुधारलेलं मी पाहिलं नाही. सहीपुरतं लॉगबुक ठेवावं लागतं, ते ठेवा.

एवढं करूनही ते बदलले नाहीत तर? तर एक दिवस लिहावं लागेल, आणि मैत्रीत कडवटपणा येईल. ते तुमच्याशेजारी डबा उघडायचे बंद होतील. हे होऊ शकतं आणि मी ते गुळात घोळवून सांगणार नाही. स्टाफरूममध्ये आपल्याला पाहून गप्पा थांबल्या, हे ज्याला रात्री झोपू देत नाही अशा माणसाने हे पद घेऊ नये. ते तुम्हाला सोसणार नसेल तर खुशाल नाही म्हणा. पळपुटेपणा वगैरे काही नाही. स्वतःचा स्वभाव ओळखून घेतलेला निर्णय आहे तो. फक्त "दहावीच्या मुलांसाठी नाकारते" असं सांगू नका, सचिवांना नको आणि घरीही नको. दहावीला तुम्ही पंचेचाळीस-पन्नास मुलांना वाचवता. सहावी-सातवीत उतरवून घेण्यात जी वर्षं जातात, ती तिथे कुणी वाचवायची?

यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल की मी हो म्हणा या बाजूची आहे. भिंतीपलीकडचं ऐकून ज्याला त्रास होतो, असा माणूस त्या खुर्चीत हवा. साहेबांशी ओळख असणारे पुष्कळ मिळतात.

शिकवणं संपतं ही तुमची दुसरी भीती. ते आपोआप संपत नाही, आपण ते वेळापत्रकातून काढून टाकतो. एप्रिलमध्ये वेळापत्रक बनेल तेव्हा स्वतःच्या नावावर एक वर्ग लिहून घ्या, पण दहावी नको. शिक्षणाधिकारी कार्यालयात बैठक लागली की तुमचा तास बुडणार, आणि दहावीचा बुडाला की ओरड होणार, म्हणून मग पुढच्या वर्षी कुणीतरी तो काढून घेणार. पाचवी किंवा सहावी घ्या, आठवड्यात तीन-चार तास. पहिला तास घेऊ नका. तो उशिरा येणारी मुलं आणि गैरहजर शिक्षकांचे बदली तास लावण्यात जातो. दुसरा घ्या. तेव्हा केबिनचं दार बंद, फोन लेखनिकांकडे, हे शिपाईमामांनाही सांगून ठेवा. याचा एक आडफायदा आहे. मुख्याध्यापिकेच्या हाताला खडू लागलेला दिसला, की तिने शिकवण्याबद्दल बोललेलं ऐकून घेतलं जातं. कोल्हापूरच्या लीलाताई पाटील बी.एड. कॉलेजात वर्षानुवर्षं शिक्षक घडवून निवृत्त झाल्या आणि 1985 मध्ये त्यांनी सृजन आनंद विद्यालय काढलं, प्राथमिक शाळा. शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापिकेने लहान मुलांच्या वर्गात उतरायचं, हे आमच्या पेशात वाटतं तितकं नेहमीचं नाही. बहुतेक जण निवृत्तीनंतर व्याख्यानं देतात. (मी सल्ले देते, तेव्हा मला फार बोलायचा अधिकार नाही.)

पर्यवेक्षक सरांशी स्पर्धा लावू नका. त्यांना ऑफिस येतं ही शाळेची जमेची बाजू आहे. पहिल्याच सभेत सगळ्यांसमोर सांगा की ऑनलाइन माहिती आणि पत्रव्यवहार सर बघतील. मनातली अर्धी खदखद तिथेच शांत होईल. मात्र पगारबिल, जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची मूळ नोंदवही), पोषण आहाराचा साठा आणि शाळेची बँक खाती, या चार ठिकाणी समजून घेतल्याशिवाय सही करायची नाही. जनरल रजिस्टरातली एक खाडाखोड पुढे कुणाच्या दाखल्यात आणि जातपडताळणीत कशी आडवी येते, ते तुम्ही पाहिलं असेलच. आणि शिक्षकांना जुंपायच्या कामांबद्दल कुणी फार रेटायला लागलं, तर शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम काढून ठेवा: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. लावतात, ते वेगळं. पण कलम माहीत असलं की निदान विचारता येतं.

पटाचं मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण त्याकडे तुम्ही नशिबाची गोष्ट म्हणून बघताय. वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. कारखाने होते तेव्हा कामगारांची मुलं मराठी शाळांत यायची आणि वर्ग भरायचे. कारखाने गेले, त्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि त्या कामगारांची नातवंडं आता घोडबंदर रोडला इंग्रजी शाळेत जातात. तुमच्याकडे आज कोण येतं? किसननगर, लोकमान्यनगरमधली मुलं. आई दोन-तीन घरची कामं करते, बाप रिक्षा चालवतो किंवा नाक्यावर उभा राहतो. काहींच्या घरी मराठी बोलतही नसतील. शाळेची रीत मात्र जुन्याच पालकांसाठी बेतलेली आहे. पालकसभा सकाळी अकराला. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने 75 टक्के पालक असायला हवेत, तसे ते कागदावर असतातही. शिपायाने रजिस्टर घरी नेऊन त्यांच्या सह्या आणलेल्या असतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे 1957 मध्ये कोसबाडला नेलं. दोन्ही गावं तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. पालघर वेगळा झाला तो 2014 मध्ये. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळा पाड्यावर, अंगणात नेली. मोठी मुलं गुरं राखायला जायची, तर त्यांच्यासाठी कुरणशाळा, म्हणजे गुरं चरताहेत तिथेच शिकवणं. त्या काळातही कुणाला तरी हजेरीचे कागद रंगवून मोकळं होता आलं असतं. त्यांनी आधी मूल दिवसभर कुठे असतं ते पाहिलं आणि मग शाळा कशी असावी ते ठरवलं. शालेय नेतृत्व या नावाखाली हल्ली जी प्रशिक्षणं होतात, त्यांत मला हे फारसं ऐकू येत नाही. तिथे व्हिजन असतं, मिशन असतं, दुपारी जेवण बरं असतं.

तुम्हाला कुरणात जायचं नाही. पण दर मे महिन्यात तुमचे शिक्षक पट वाढवायला वस्तीत फिरतातच, तर या खेपेला दाखल्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारून या: शाळा सुटल्यावर मूल कुठे असतं, कुणाबरोबर? उत्तरं आली की ठरवता येईल. कदाचित एखादा वर्ग सहापर्यंत उघडा ठेवून मुलांना तिथे गृहपाठ करू द्यावा लागेल. कदाचित पालकसभा रविवारी सकाळी घ्यावी लागेल आणि शिक्षक कुरकुरतील. त्यांना बदली सुट्टी द्या. किसननगरमधली एक आई दुसरीला सांगते, "तिथे पोरगं सहापर्यंत बसतं आणि बाई लक्ष देतात." तुमच्या प्रवेशाच्या फ्लेक्सपेक्षा हे कितीतरी लांब जातं.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं एवढंच सांगते. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने दरवर्षी 50 तासांचा व्यावसायिक विकास सुचवलाय, शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांनाही. ते 50 तास प्रत्यक्षात कसे भरतात ते आपण दोघी जाणतो. मोबाइलवर व्हिडिओ चालू आणि हातात लाल पेन. त्याची प्रमाणपत्रं जमतील तशी जमू द्या. त्याखेरीज महिन्यातून एकदा दोन शिक्षकांनी एकमेकांच्या तासाला बसायचं, एवढं तुमच्या शाळेत सुरू झालं तर मला पुरे वाटेल. पहिली जोडी कोणाची ते मी वर सांगितलंच आहे.

डीएसएमचं विचारलंत. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची ही शालेय व्यवस्थापन पदविका वाईट नाही. नियम, हिशेब, नियोजन यांची नीट उजळणी होते. पण पहिल्या वर्षी नको. स्वाध्याय लिहायला रात्री बसाल आणि ते सगळं ऑफिसच्या थकव्यात जाईल. आत्ता फेब्रुवारी-मार्चमध्ये सध्याच्या मुख्याध्यापकांना विचारा, पगारबिल होतं त्या दिवशी मी लेखनिकांशेजारी बसले तर चालेल का. संचमान्यतेची फाइलही मागून घ्या आणि गेल्या तीन वर्षांचा पट वर्गवार कागदावर उतरवा. मुलं पाचवीत येतच नाहीत की आठवीत सोडून जातात, हे त्यातून कळेल, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. सचिवांनी पुन्हा पत्राची आठवण केली तर म्हणा, ज्येष्ठता यादीची प्रत द्या, वाचून सांगते.